जपानी शाळेचा जलसा आणि आमचे गॅदरिंग

डिसेंबर लागला की शिरूर-घोडनदीच्या शाळांमधून एकसारखे आवाज येऊ लागतात. दुपारच्या सुट्टीनंतर तास धड होत नाहीत, एखाद्या खोलीत मोबाईलला स्पीकर जोडून तेच गाणे वीस वेळा वाजते आणि स्टाफरूममध्ये मंडपवाल्याच्या नंबरची शोधाशोध चालते. मराठी शाळेत पत्रिकेवर 'स्नेहसंमेलन' छापतात, बोलताना सगळेच गॅदरिंग म्हणतात. उर्दू शाळेत तोच 'सालाना जलसा'. मी दोन्हीकडे शिकवले आहे. आधी शिरूरला मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी, आणि नंतर दौंडला उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही.

शिरूरच्या शाळेतली गोष्ट आहे, सतरा-अठरा वर्षांपूर्वीची. मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. वर्गातल्या एका मुलीची आई शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली. म्हणाली, "सर, बच्ची स्टेज पे नहीं जाएगी. इसके अब्बा को पसंद नहीं. बाकी जो काम बोलो वो करेगी." मी "ठीक है आपा" म्हणालो आणि आत येऊन कामांची यादी पाहिली. बाकी काम काही नव्हतेच. डान्स बसवायला पुण्याहून एक मुलगा यायचा. मंडप ठेक्याने, साऊंड ठेक्याने. सूत्रसंचालन दोन शिक्षकांकडे, पाहुण्यांची उठबस शिपायांकडे. साडेचारशे मुलांच्या शाळेत स्टेजवर जाणारी मुले ऐंशी. उरलेल्यांनी सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायच्या. ती मुलगी गॅदरिंगच्या दिवशी आलीच नाही. हजेरीत मी तिच्यापुढे 'गैरहजर' लिहिले.

तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. पुढे माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात जपानी शिकू लागला. आमच्या नगर रस्त्यावर पुढे सुप्याला एमआयडीसीत जपानी कंपन्या येणार म्हटल्यावर त्याने तो क्लास लावला होता. तो एकदा म्हणाला, "सर, तिकडे गॅदरिंगला स्टेजपेक्षा बाकीचंच जास्त असतं. मुलंच तिकिटं छापतात, मुलंच स्वयंपाक करतात, आणि रात्री मुलंच झाडतात." बाकीचंच जास्त असतं, हे वाक्य डोक्यात राहिले. हे तिकडे आले कुठून, म्हणून वाचत गेलो, तर पहिल्याच वळणावर एक परदेशी मास्तर भेटला.

त्याचे नाव लाफ्काडिओ हर्न. बाप आयरिश, आई ग्रीक. बाप इंग्रजी फौजेत डॉक्टर होता, हिंदुस्थानातली नोकरी आटोपून परतताना जहाजावरच वारला. हर्न सोळा वर्षांचा असताना शाळेच्या मैदानावर खेळात दोरीची गाठ लागून त्याचा डावा डोळा गेला. १८९० च्या एप्रिलमध्ये तो अमेरिकेहून जपानला उतरला आणि त्याच वर्षी मात्सुए नावाच्या लहान गावात माध्यमिक शाळा आणि शिक्षक तयार करणारे नॉर्मल स्कूल, अशा दोन्ही ठिकाणी इंग्रजी शिकवू लागला. बी.एड. कॉलेजात शिकवणारा आणि शाळेतही तास घेणारा मास्तर म्हणा ना. तिथल्या दिवसांची त्याने रोजनिशीसारखी टिपणे लिहिली, ती १८९४ साली पुस्तकात आली.

त्यातली १५ ऑक्टोबर १८९० ची नोंद मी कितीदा तरी वाचली आहे. त्या दिवशी मात्सुएच्या जुन्या किल्ल्याच्या आवारात शिमाने प्रांतातल्या शाळांचा 'उन्दोकाई' झाला. उन्दोकाई म्हणजे शाळेचा क्रीडामेळा. पंचवीस मैलांच्या आतल्या गावांतून पोरे आली होती. आपल्याकडे शिरूरहून केडगाव-चौफुल्याला जावे, साधारण तेवढे ते अंतर. भाग घेणारी मुले-मुली सहा हजारांच्या घरात. फळ्यांच्या बाकांवर आईबाप आणि नातेवाईक, गव्हर्नरसाठी पताकांनी सजवलेली वेगळी बैठक, आणि तटावर चढून बघणारी गर्दी एवढी की गावाची एक तृतीयांश वस्ती तिथे असावी असा हर्नचा अंदाज. पिस्तुलाचा बार झाला की शर्यत सुरू. एकाच वेळी मैदानात चार ठिकाणी चार खेळ. हर्नच्याच वर्गातला एक मुलगा चाळीस यार्डांच्या फरकाने पहिला आला, आणि हर्न त्याचे नाव असे लिहितो की वाचताना आपल्यालाच अभिमान वाटावा. मास्तर सगळीकडचे सारखेच.

पण तो खरा गुंग झाला तो कवायतीत. सहा हजार मुले रांगांत उभी, लाकडी मचाणांवर व्यायामाचे शिक्षक, आणि त्यांच्या इशाऱ्यावर सहा हजार जोड्या हात एकदम वर, एकदम खाली. शाळेत सामुदायिक कवायत घेतलेल्या कोणालाही हे दृश्य डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. शंभर मुलांचे हात एका वेळी वर नेताना आमचा घसा बसतो.

हे वाचताना आपण अगदी अस्सल जपानी काहीतरी पाहतो आहोत असे वाटते. गंमत अशी की तो मेळा तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा होता आणि तो आणला होता परदेशी मास्तरांनीच. मेइजी राजवटीत जपानने पगार देऊन परदेशातून शिक्षक, इंजिनिअर, डॉक्टर बोलावले. टोकियोतल्या नौदलाच्या शाळेत १८७४ च्या मार्चमध्ये इंग्रज प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली पहिला असा मेळा झाला. १८७८ मध्ये उत्तरेकडे साप्पोरोच्या शेतकी कॉलेजात झाला, ते कॉलेज अमेरिकन शिक्षकांनी उभे केले होते. १८८३ मध्ये टोकियो विद्यापीठात स्ट्रेंज नावाच्या इंग्रजीच्या शिक्षकाने क्रीडास्पर्धा घेतल्या. मग मोरी आरिनोरी शिक्षणमंत्री झाले. त्यांना शाळेतून शिस्तीचा शिपाई घडवायचा होता. त्यांनी लष्करी पद्धतीची कवायत शाळांत आणली आणि उन्दोकाई गावोगाव गेला. बहुतेक शाळांना मैदान नव्हते, म्हणून पाच-दहा शाळांनी मिळून नदीच्या वाळवंटात, देवळाच्या किंवा किल्ल्याच्या आवारात जमायचे. गाव बघायला यायचे, डबे सोडायचे. इंग्रजांच्या स्पर्धेची अशी हळूहळू जत्रा झाली. लाल आणि पांढरा असे दोन संघ आजही पाडतात. ते रंग बाराव्या शतकातल्या दोन जपानी घराण्यांच्या लढाईतले आहेत. म्हणजे आणलेल्या गोष्टीला त्यांनी आपला कपडा शिवला.

आपण तरी वेगळे काय केले? गॅदरिंग हा शब्दच इंग्रजी आहे, पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून तो शाळांत आला. शिरूरला एकेकाळी इंग्रजांची छावणी होती आणि नंतर अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र, त्यामुळे परदेशी मास्तर आणि परदेशी कवायत हे दोन्ही घोडनदीने पाहिले आहे. पण 'कवायत' हा शब्द अरबीतून आला. 'लेझीम' फारसी. 'जलसा' अरबी, आणि सत्यशोधकांनी आपल्या गाण्या-नाट्यातून केलेल्या प्रचाराला तोच शब्द घेतला. छब्बीस जानेवारीला मुली लेझीम घेऊन निघतात तेव्हा ती फारसी आहे की मराठी, असे कोणी विचारत नाही. विचारूही नये. स्टाफरूममध्ये जेव्हा 'हे आपले, ते त्यांचे' असा वाद निघतो तेव्हा मी एवढेच सांगतो आणि चहा मागवतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. तिच्यामुळेच हा लेख लिहायला बसलो.

मात्सुएचा मेळा झाला १५ ऑक्टोबरला. पंधरा दिवसांनी, ३० ऑक्टोबर १८९० ला, जपानच्या बादशहाने शिक्षणाविषयीची राजाज्ञा काढली. तिची प्रत शाळाशाळांत गेली. बादशहाची तसबीर आणि ही राजाज्ञा यांच्यापुढे समारंभात सगळ्यांनी वाकायचे. ९ जानेवारी १८९१ ला टोकियोच्या एका नामांकित सरकारी शाळेत असाच समारंभ होता. एकेक शिक्षक पुढे जाऊन वाकत होता. उचिमुरा कान्झो नावाचा शिक्षक पुढे गेला. तो जपानीच, सामुराई घराण्यातला, पण ख्रिस्ती झालेला. साप्पोरोच्या शेतकी कॉलेजात पहिला मेळा झाला तेव्हा तो तिथे विद्यार्थी होता. आपल्या श्रद्धेत हे वाकणे पूजेत जमा होते की आदरात, हे त्याचे त्यालाच ठरेना. त्याने मान किंचित खाली केली, पुरती वाकवली नाही. विद्यार्थी आणि सहकारी खवळले. वर्तमानपत्रांनी देशद्रोही ठरवले. तो तापाने अंथरुणाला खिळलेला असतानाच त्याची नोकरी गेली. एप्रिलमध्ये त्याची बायकोही वारली.

हर्नचे सहा हजार हात आणि उचिमुराची एक मान, या दोन गोष्टींमध्ये तीन महिनेही गेले नव्हते. ज्या जलशात प्रत्येकाला जागा असते, तोच जलसा एखाद्याला बाजूला उभे राहण्याची मुभा नाकारू शकतो. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत जपानी शाळांचे मैदान युद्धाच्या तयारीचे मैदान झाले, हा तर सगळ्यांना माहीत असलेला इतिहास आहे.

मी उचिमुराबद्दल वाचले तेव्हा मला शिरूरची शाळा आठवली. तिथे गॅदरिंगची सुरुवात सरस्वतीपूजनाने आणि दीपप्रज्वलनाने व्हायची. मी पहिल्या वर्षी काय करावे या विचारात स्टेजच्या पायरीशी थांबलो. एका ज्येष्ठ बाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा माईकचं बघता का?" त्यानंतर नऊ वर्षे त्या दहा मिनिटांत माईकचे बघणे हे माझे काम होते. त्यावर कधी चर्चा झाली नाही, कोणी जबरदस्ती केली नाही आणि कोणी टोमणाही मारला नाही. आमच्या समाजातही उलट बाजूचे प्रश्न आहेतच. गाणे चालेल का, वाजवणे चालेल का, मुलींचे काय. उर्दू शाळेच्या जलशात हम्द, नात, तक़रीर आणि बैतबाजी यांवर एकमत होते, त्यापुढे प्रत्येक घराचे मत वेगळे. त्याचा निकाल देणारा मी कोण? पण मला माईक मिळाला होता. त्या आठवीतल्या मुलीला काही मिळाले नाही. बाईंनी माझ्यासाठी जे केले ते मी तिच्यासाठी केले नाही, हे मला जपानच्या वाटेने दहा वर्षांनी कळले.

युद्धानंतर जपानने शाळेच्या कार्यक्रमांचा पाया बदलला. उन्दोकाई राहिला, आणि माध्यमिक शाळांत 'बुंकासाई', म्हणजे सांस्कृतिक मेळा, जोरात आला. त्यांच्या अभ्यासक्रमात 'विशेष उपक्रम' असा स्वतंत्र भाग आहे. वर्गाची सभा, विद्यार्थी परिषद आणि असे मेळे हे त्यातच मोडतात, म्हणजे हा अभ्यासाचा वेळ मोडून केलेला कार्यक्रम नव्हे. प्रत्येक वर्ग बसून ठरवतो आपण काय करायचे. भुताचे घर, चहाचे दुकान, नाटक, आपल्या गावच्या नदीवर प्रदर्शन. मग कोण रंगवणार, कोण हिशेब ठेवणार, कोण दारात उभे राहणार, हे मुलेच वाटून घेतात. मेळ्याची समिती मुलांचीच. जो नाचत नाही तो पुठ्ठे कापतो, जो बोलत नाही तो पैसे मोजतो. संध्याकाळी सगळे उतरवून, झाडून, वर्ग होता तसा करून मगच घरी.

हे सगळे गोडच आहे असे समजू नये. उन्दोकाईत मुलांचे मनोरे रचायची तिथे फार हौस. २०१५ मध्ये ओसाकाजवळच्या एका शाळेत दहा थरांचा मनोरा कोसळून मुले जखमी झाली आणि देशभर ओरड झाली. एकजूट दाखवण्याच्या नादात खालच्या थरातल्या पोराला 'मला झेपत नाही' म्हणता येत नाही, असा लोकांचा आक्षेप होता. दहीहंडीच्या महाराष्ट्राला हा वाद नवा नाही.

मराठी माणसाची जपानी शाळेशी ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली, त्यातून १९१६ मध्ये आपले महिला विद्यापीठ उभे राहिले, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यापुढची गोष्ट अजून पुस्तकात आलेली नाही. अंबरनाथला वाढलेले, पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक विद्यार्थी म्हणून जपानला गेले, मग आयटीत नोकरीला. २०१२ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले. २०१९ मध्ये टोकियोच्या एडोगावा भागात नगरसेवक म्हणून निवडून आले. त्यानंतर इबाराकी प्रांताने शिक्षणक्षेत्राबाहेरच्या लोकांना मुख्याध्यापक होण्याची वाट मोकळी केली. पुराणिक २०२२ मध्ये त्सुचिउरा इथल्या नामांकित सरकारी शाळेत उपमुख्याध्यापक झाले आणि २०२३ मध्ये मुख्याध्यापक. या शाळेची १९०४ ची लाकडी इमारत तिथे राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली आहे. म्हणजे हर्न मात्सुए सोडून गेला त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी बांधलेल्या इमारतीच्या आवारात एक मराठी माणूस हेडमास्तर झाला. हर्नने १८९६ मध्ये नागरिकत्व घेतले तेव्हा नाव बदलून कोइझुमी याकुमो केले. पुराणिक पुराणिकच राहिले. सव्वाशे वर्षांत एवढा फरक पडला, आणि तो लहान नाही.

उर्दूचा मास्तर म्हणून मला आणखी एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. मौलवी बरकतुल्ला भोपाळी. १९०९ मध्ये ते टोकियोच्या परदेशी भाषांच्या सरकारी शाळेत हिंदुस्तानी शिकवायला गेले. तिथून 'इस्लामिक फ्रॅटर्निटी' नावाचे इंग्रजी पत्र काढले, इंग्रज सरकारविरुद्ध लिहीत राहिले आणि १९१४ मध्ये इंग्रजांच्या दबावामुळे त्यांची ती नोकरी गेली. पुढे डिसेंबर १९१५ मध्ये काबूलला हिंदुस्थानचे हंगामी सरकार स्थापन झाले, त्याचे ते पंतप्रधान. आपल्या पुस्तकांत त्यांचे हे पंतप्रधानपद येते, पाच वर्षांची मास्तरकी राहून जाते.

ती शाळा आज टोकियोचे परदेशी भाषांचे विद्यापीठ आहे. तिथे दर नोव्हेंबरात 'गाइगोसाई' नावाचा मेळा भरतो. पहिल्या वर्षाची मुले आपण शिकत असलेल्या भाषेच्या देशातले पदार्थ करून विकतात आणि दुसऱ्या वर्षाची मुले त्या भाषेत नाटक करतात. त्या भाषांमध्ये उर्दू आहे. जपानी पोरे-पोरी उर्दूत संवाद म्हणतात, बघणाऱ्यांसाठी पडद्यावर जपानी अक्षरे. भाषेत नाटक करण्याची ही पद्धत तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे. आमच्याकडे उर्दू शाळेतल्या मुलांना उर्दूत नाटक करायला सांगितले तर पालक विचारतात, "सर, इंग्लिश में नहीं है क्या?"

दौंडला आल्यावर तीन वर्षांपूर्वी आम्ही जलशाचा एक दिवस असा करून पाहिला. दौंड हे जंक्शनचे गाव, आमची निम्मी मुले रेल्वेच्या आसपासच्या घरांतली. सातवीने पुठ्ठ्याचे स्टेशन केले आणि उर्दू-मराठीत गाड्यांच्या घोषणा केल्या, त्या खऱ्या स्टेशनपेक्षा स्पष्ट होत्या. सहावीने चहा-सामोशाचा स्टॉल लावला. हिशेबात एकशे चाळीस रुपये कमी आले, ते अजून कमीच आहेत. चपला सांभाळायची समिती, पाण्याची समिती, कार्यक्रमपत्रिका हाताने लिहायची समिती. पत्रिका लिहिणाऱ्या चार मुलींपैकी तिघी स्टेजवर न जाणाऱ्या घरांतल्या होत्या. एका बाजूला नस्तालीक, दुसऱ्या बाजूला देवनागरी. शाई ओली असताना हात लागून दोन पत्रिका फरफटल्या, त्या पाहुण्यांनाच गेल्या.

एक मुलगा मात्र कशातच येईना. "सर, मेरेको कुछ नहीं करने का." सहकारी म्हणाले, त्याला निदान खुर्च्या उचलायला लावा, नाहीतर उद्या सगळेच बसतील. मला उचिमुरा आठवला, म्हणून म्हटले, बसू दे. तो दिवसभर कंपाउंडच्या भिंतीवर शेंगा खात बसला होता. हजेरीत मी त्याला 'हजर' लिहिले. सहकाऱ्यांना ते पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असेही मला वाटत नाही.

त्या दिवशी पाहुण्यांचे भाषण तासभर उशिरा सुरू झाले, दोनदा माईक बंद पडला आणि व्हिडिओ काही चांगला निघाला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पुण्याहून डान्स बसवणारा आला. समित्यांपैकी पत्रिकेची आणि चपलांची तेवढी टिकली. यंदाची बैठक येत्या शनिवारी आहे. सामोशाचा स्टॉल आणि स्टेशन परत मागायचे असे सातवीच्या मुलांनी ठरवले आहे, मागच्या सातवीचा पुठ्ठा अजून कपाटावर आहे. डान्सवाल्याने दर वाढवल्याचेही कळते आहे.